करून बघायला हरकत नाही

माझा स्वभाव गोड नाही, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. तरी इंग्रजीतलं काही तपासून घ्यायचं असलं की लोक माझ्याच दारात येतात. कुणाच्या मुलीचा परदेशी अर्ज असतो, कुणाच्या कारखान्याचं पत्र. कारण साधं आहे, मी चूक सोडत नाही. चौतीस वर्षं इथल्याच शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लाल पेन काही हातातून सुटलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

त्या मंगळवारी दुपारी साडेतीनला मी कॉफी ओतत होते आणि बेल वाजली. दारात आन्सगार प्युत्झ. दीगलबाईंच्या बेकरीतला मुख्य कारागीर, आणि त्याआधी सात वर्षं माझा विद्यार्थी. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण माझ्या पायपुसण्यावर उभा होता तो गृहपाठ विसरून आल्यासारखा. तोंडावर पांढरा मास्क.

"काय रे, दरोडा घालायला आलास की काय?"

"तुमच्या घरी दरोडा घालायची कुणाची छाती आहे, नेगेलेबाई? आत येऊ का?"

"ये. बूट नीट पूस."

स्वयंपाकघरात बसल्यावर त्याने मास्क काढला. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. मी त्याच्यापुढे आलुबुखारच्या केकचा तुकडा सरकवला. त्याने आधी तो बोटाने दाबून बघितला, मग खाल्ला. बेकरीवाल्याची सवय.

"पिठाचा दमा झालाय, बाई. सत्तावीस वर्षं पिठात काढली, आणि आता डॉक्टर म्हणतात भट्टीपाशी फिरकायचं नाही. दीगलबाईंनी महिनाअखेरपर्यंत पुढे विक्रीला उभं केलंय, पण तिथेही पीठ आहेच."

"मग पुढे?"

"विमावाले नवीन काम शिकवतात. गोदामात कारकून. आलेल्या पेट्या मांडायच्या, गेलेल्या पेट्यांवर खूण करायची." त्याने पिशवीतून कागद काढले. "नाहीतर हे."

आयर्लंडमधल्या एका विद्यापीठाने बारा जागा काढल्या होत्या. आजारपणामुळे हातातला धंदा सोडावा लागलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसांना दोन वर्षांत इंग्रजीचे शिक्षक करायचं. फी नाही, राहायला खोली. परीक्षा नाही, मुलाखत नाही. एकच निबंध मागितला होता, इंग्रजीत. चांगलं शिकवणं म्हणजे काय.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचाय," आन्सगार म्हणाला. "आठशे शब्द. जास्त झाला तर ते वाचतच नाहीत."

"तुझे किती झालेत?"

"नऊशे साठ."

"म्हणजे तू काही सुधारला नाहीस. ठेव इथे. उद्या चारला ये."

तो जिना उतरताना दोनदा थांबला. तरुण माणसाचे पाय आणि म्हाताऱ्याची छाती. मला वाईट वाटलं, पण मी ते कुणाला बोलून दाखवणार? आम्हा दक्षिण जर्मनीतल्या श्वाबी लोकांत वाईट वाटलं तर आपण केकचा अजून एक तुकडा बांधून देतो. तो मी दिला होता.

बुधवारी सकाळी चष्मा पुसून बसले. पहिलं पान वाचलं आणि मान डोलावली. अगदी आमच्या पद्धतीने लिहिलं होतं. आधी 'शिकवणे' या शब्दाची व्याख्या. मग 'चांगले' या शब्दाची व्याख्या. मग या दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काय संबंध असू शकतो, त्याचे तीन प्रकार. आम्ही जर्मन माणसं पाहुण्याला घरात घेण्याआधी दाराची चौकट मोजून दाखवतो. हे पोरांना मीच शिकवलं होतं: आधी व्याख्या, मग बोला. तिथे दोन-चार ठिकाणी वाक्य फार लांबलं होतं, ते तोडलं. बाकी ठीक होतं.

दुसऱ्या पानावर तो बेकरीत आला. त्याच्या हाताखाली अकरा पोरं-पोरी शिकून गेल्या, त्यांच्याबद्दल होतं. पहाटे चारला त्यांना काय दाखवतो, कसं दाखवतो. ते वाचताना माझं पेन जरा थांबूनच चाललं होतं. आणि मग तो परिच्छेद आला. इंग्रजीत होता, पण मला तो पाठ झालाय, म्हणून आपल्या शब्दांत सांगते.

"माझी इंग्रजीची एक शिक्षिका होती. ती न्यायी होती. ती कधी उशिरा आली नाही. सात वर्षं माझ्या वहीत मी चुकलो तिथे ती लाल पेनाने खूण करायची. जिथे बरोबर असायचं तिथे काही लिहायची नाही. त्यामुळे मी कुठे चुकायचो ते मला आजही सांगता येईल. कुठे बरोबर होतो, ते मला अजून माहीत नाही. एकोणीस वर्षांचा असताना मी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी तिला विचारलं, मी इंग्रजी शिकायला विद्यापीठात जाऊ का? ती म्हणाली, करून बघायला हरकत नाही. मी आभार मानले आणि बेकर झालो. मला ते काम आवडलं. पण माझ्या पोरांना मी रोज पहाटे आधी सांगतो, आज कुठला पाव चांगला झालाय आणि का. ज्याला फक्त खड्डे माहीत आहेत, तो रस्ता कसा चालणार?"

मी पेन खाली ठेवलं.

पहिल्यांदा आला तो राग. अरे मेल्या! सात वर्षं तुझ्यासाठी डोळे फोडले, आणि तू मला आयर्लंडात नेऊन चव्हाट्यावर बसवतोस? मग मी उठले, खिडकी उघडली, खिडकी लावली. खाई त्याला खवखवे, म्हणतात ना, तसं झालं होतं. त्या परिच्छेदात माझं नाव नव्हतं, पण नाव कशाला हवं?

आणि तो दिवस मला चांगला आठवत होता. जून महिना होता. शिक्षकांच्या खोलीचं दार मी अर्धं उघडलं होतं, हातात वह्यांचा गठ्ठा. आन्सगार विचारत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "करून बघायला हरकत नाही." मग दार लावलं आणि आत जाऊन भूगोलाच्या मास्तरांना म्हटलं, "प्युत्झ जातोय विद्यापीठात. शेवटी एक तरी." त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की घरी पायी गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग पोराला तसं सांगायचं की! पण आमच्याकडे तसंच सांगतात. 'ओरडा बसला नाही, हीच शाबासकी', ही आमच्याकडची म्हण आहे, विनोद नाही. माझ्या नवऱ्याने, देव त्याला शांती देवो, मला मागणी घातली ती 'आपलं जमायला अडचण दिसत नाही' अशा शब्दांत, आणि मी आनंदाने रात्रभर जागी होते. 'हरकत नाही' म्हणजे आमच्या तोंडून ढोल-ताशेच. गावातल्या कुठल्याही पोराला ते कळलं असतं.

पण आन्सगार गावातला नव्हता. बारा वर्षांचा असताना दूरच्या कोलोन शहरातून आला होता, बापाला इथे ट्रकवर नोकरी लागली म्हणून. कोलोनची माणसं निराळी. तिकडे बसचा ड्रायव्हरसुद्धा तुम्हाला 'काय छान दिसताय आज!' म्हणतो. ज्या पोराने घरी-दारी रोज कौतुक ऐकलं, त्याला माझी गप्प वही म्हणजे काय वाटली असेल? आणि गुण. आमच्याकडे एक म्हणजे सगळ्यात वर, सहा म्हणजे तळ. 'एक देवाचा, दोन बाईंचा, तीनपासून पुढे पोरांचे', असं आम्ही शिक्षक हसत म्हणायचो. मी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. चौतीस वर्षांत मी 'एक' कुणालाच दिला नाही. आन्सगारला 'दोन' दिले होते. ते मी फक्त त्यालाच दिले होते, हे त्याला कुठून कळणार?

हे सगळं मला त्या सकाळी, त्या टेबलापाशी कळलं. कळलं, आणि मी काय केलं? नऊशे साठमधून एकशे साठ शब्द काढायचे होते. तो परिच्छेद बरोबर एकशे साठ शब्दांचा होता. मी पट्टी घेतली आणि त्याच्यावर वरून खाली तिरपी रेघ मारली. समासात लिहिलं, 'अनावश्यक'. हात जराही थरथरला नाही, ही त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

चारला आन्सगार आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवले. पहिलं पान त्याने भरभर बघितलं. दुसऱ्या पानावर थांबला. रेघेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या कपात कॉफी संपली होती तरी मी ती प्यायले.

"हा पूर्ण काढू, बाई?"

"शब्द जास्त होत होते."

"हो, ते होतेच." त्याने खोकून घेतलं. "मला वाटलं होतं, निदान हा जरा बरा जमलाय."

हे तो मला विचारत होता. सत्तावीस वर्षांनी त्याच दाराशी उभा होता म्हणा ना. आणि मी म्हटलं, "विषयाला धरून नाही."

"तुम्ही म्हणताय तर काढतो." त्याने कागद पिशवीत घातले. "तुमचा वेळ घेतला. थँक्यू, बाई."

भांडला असता तर बरं झालं असतं! गेला आपला शिट्टी वाजवत, छातीतली.

गुरुवारी जिना पुसायची आठवड्याची पाळी माझी होती. आमच्याकडे हे देवपूजेसारखं असतं, पाळी चुकवली तर तीन मजले बोलायचे बंद होतात. पुसत पुसत मी मनात निबंध म्हणत होते, त्या परिच्छेदाशिवायचा. व्याख्या, व्याख्या, संबंधाचे तीन प्रकार, पहाटे चारची बेकरी, आणि समाप्त. पोरांना आधी चांगलं का सांगायचं, त्याचं कारणच उडालेलं. चौथ्या पायरीवर मी बसले. तिकडे आयर्लंडात कुणीतरी असे शेकडो निबंध वाचत असणार, आणि दर दुसऱ्यात 'शिकवणे या शब्दाचा अर्थ' असणार. हा वाचून तर मी स्वतः त्याला घेतलं नसतं.

म्हणजे पहिल्यांदा मी त्याला नकळत अडवलं होतं, आणि आता डोळ्यांदेखत, पट्टी लावून. तो गोदामात पेट्यांवर खुणा करत म्हातारा होणार, कारण मला, गुडरून नेगेलेला, आरशात बघवलं नाही. मला स्वतःची इतकी शरम वाटली की बादली सांडली.

बेकरीत फोन केला. दीगलबाई म्हणाल्या, "तो डॉक्टरकडे गेलाय, उद्याच येईल. काही निरोप?"

आता दीगलबाईंजवळ निरोप ठेवायचा म्हणजे गावच्या घंटेचा दोर ओढायचा. "काही नाही," मी म्हटलं, "पावाचं विचारायचं होतं."

"पाव आहे," त्या म्हणाल्या. "ही बेकरी आहे."

शुक्रवारी सकाळी सात वाजता गेले. कामावर जाणाऱ्यांची वेळ, रांग दारापर्यंत आलेली, आणि त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी. मला बघून आपोआप पाठी ताठ झाल्या. पोस्टमन ट्राउगॉट म्हणाला, "बाई, तुम्ही पुढे व्हा ना." मी म्हटलं, "का रे, मी काय पांगळी आहे?" मी आयुष्यात कधी रांग मोडली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यापुढे सातजण आहेत याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं.

पण सात माणसांना किती वेळ लागतो? माझा नंबर आला. आन्सगार मास्क लावून उभा, डोळ्यांखाली काळं.

"काय देऊ, बाई? नेहमीचा काळा पाव?"

"पाठवलास का?"

"अजून नाही. अकराला सुटतो, घरी जाऊन पाठवीन. बारापर्यंत आहे वेळ."

"तो परिच्छेद परत घाल."

पाव पिशवीत घालता घालता त्याचे हात थांबले. "शब्द जास्त होतात म्हणालात."

"खोटं बोलले. तो माझ्यावर होता म्हणून काढला." मागे रांगेत कुणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. "तो तुझ्या निबंधातला सगळ्यात चांगला भाग आहे. तो काढला तर मागे नुसतं भुसकट उरतं."

दीगलबाईंनी गल्ला उघडला होता, तो तसाच राहिला. मला आता परत फिरता आलं असतं, पाव घेऊन. पण मी बोलत राहिले, कारण आज नाही तर कधीच नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"आणि दुसरं. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून दोनेक हजार पोरं गेली. त्यांत सगळ्यात छान इंग्रजी तुला यायचं. तुझ्या आधी कुणाला आलं नाही, तुझ्यानंतर कुणाला आलं नाही. तुझे निबंध मी घरी नवऱ्याला वाचून दाखवायचे. त्या दिवशी तू विचारायला आलास तेव्हा मी 'जा' म्हणायला हवं होतं. 'जा, पळ, उद्याच जा!' मी 'हरकत नाही' म्हटलं, आणि मला वाटलं, मी सांगितलं."

आमच्या गावात असं कुणी कुणाला बोलत नाही, तेही सकाळी सात वाजता, तेही पंधरा माणसांसमोर. पाव घेऊनही दाराशी रेंगाळलेल्या ट्राउगॉटचा आवाज आला.

"आणि मी, बाई?"

"तू? तू सात वर्षं शेजारच्याच्या वहीतून उतरवलंस. पण उतरवताना कधी एक शब्द गाळला नाहीस. पोस्टात शोभतोस."

सगळे हसले. औषधाच्या दुकानातली उर्झेल म्हणाली, "माझं पण सांगा ना, बाई!" पन्नाशीची बाई, पण तोंड असं केलं होतं की जणू वही हातात मिळायचीय. तिला मी म्हटलं, "तुझं वाचन चांगलं होतं, उर्झेल. बोलणं कमी केलंस तर अजूनही कुणाला कळेल." तिने ओठ मिटले आणि गालातल्या गालात हसत राहिली. माझ्या तोंडून एवढं ऐकायला ती कधीची उभी होती, देव जाणे. त्यांच्यातल्या कितीजणांना काय काय सांगायचं राहिलंय, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

आन्सगार मात्र हसला नाही. त्याने मास्क खाली केला.

"आई घराच्या दारातच उभी होती त्या दिवशी," तो म्हणाला. "तिने विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी म्हटलं, नको म्हणाल्या. ती म्हणाली, असं कसं म्हणतील, परत जाऊन विचार. मी म्हटलं, बाई न्यायी आहेत, उगाच 'नको' म्हणणार नाहीत."

"पण वर्गात तू पहिला होतास रे."

"वर्गच कसला होता, बाई? सगळी खेड्यातली पोरं. मला वाटायचं शहरात 'एक' मिळवणारी पोरं ढिगाने असतील, त्यांत माझं 'दोन' कुठे दिसणार? सोमवारी बाबांनी मला इथे आणून सोडलं." त्याचा आवाज चढला नव्हता, पण मला ओरडा बसल्यासारखंच वाटत होतं. "सत्तावीस वर्षं झाली."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला नाही माहीत. तुम्ही पाव घ्यायला यायचात ना दर शनिवारी? दर शनिवारी मला वाटायचं, आता विचारावं, तेव्हा काय चुकलं होतं माझं."

काही चुकलं नव्हतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या गावात मला रडताना कुणी बघितलं नव्हतं, नवऱ्याच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. उर्झेलने रुमाल पुढे केला. मी तो घेतला.

आन्सगारने ॲप्रन काढला. "दीगलबाई, वीस मिनिटं सांभाळता का?"

"अर्धा तास घे," दीगलबाई म्हणाल्या, आणि स्वतः ब्रेत्झेलचे पीळदार पाव मोजायला लागल्या. चार मागितलेल्याला पाच गेले, त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडे.

खिडकीपाशी उभ्याने कॉफी प्यायचं एक उंच टेबल आहे, तिथे आम्ही गेलो. त्याच्या पिशवीत निबंध होता, माझ्याकडे पेन होतं. मी पहिलं पान त्याच्याकडे वळवलं.

"ही व्याख्या काढ. सगळी."

"सगळी? आधी व्याख्या, असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं होतं. शहाणपण थोडं आणि चौकट मोठी. काढ."

त्याने पूर्ण पान आडवं खोडलं. जरा जास्तच आनंदाने खोडलं, असं मला वाटलं. आता दोनशे शब्दांची जागा झाली होती, आणि परिच्छेदाला एकशे साठ पुरत होते. चाळीस उरले.

"उरलेल्यात काय घालू?" त्याने विचारलं.

"तुला काय घालायचंय?"

तो माझंच पेन घेऊन परिच्छेदाखाली लिहायला लागला. तो लिहीत असताना मी त्याच्या हाताकडे बघितलं, भाजल्याच्या जुन्या खुणा मनगटापर्यंत. लिहून झाल्यावर त्याने कागद माझ्याकडे सरकवला. रांगेतली माणसं मान लांब करून उभी होतीच, म्हणून त्याने ते मोठ्याने, आपल्या भाषेत सांगितलं.

"ती शिक्षिका आज सकाळी बेकरीच्या रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की मी चांगला होतो. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. हे ऐकायला मी अजून थांबलो होतो, ते मला आज कळलं."

ट्राउगॉटने टोपी काढून परत घातली.

त्याला जागा मिळाली. सहा आठवड्यांनी पत्र आलं, आणि ते घेऊन ट्राउगॉट आधी माझ्याकडे आला, नियम मोडून. पण मी सांगतेय ती त्या सकाळची गोष्ट. मी शब्द मोजले. आठशे पाच होत होते. आन्सगार म्हणाला, "पाच कुठून काढायचे? तुम्हीच बघा, बाई, माझ्याच्याने आता होत नाही."

मी परिच्छेद वरपासून वाचला. पेन त्याच्या हातातून घेतलं आणि एक वाक्य खोडलं. ती कधी उशिरा आली नाही.

"ते का काढलंत?" आन्सगार म्हणाला. "ते तर खरं आहे. सात वर्षांत एकदाही नाही."

"खरं नाही, बाळा," मी म्हटलं. "मी आज आले."